दिवा हळदणकरांचा, नाव रविवर्म्याचं: एका जलरंगचित्राचं प्रकरण

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात एक चित्र वेगळ्या, अंधाऱ्या कक्षात लावलेलं आहे. साडी नेसलेली एक तरुण स्त्री उभी आहे. तिच्या एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिनं ज्योतीला आडोसा म्हणून धरला आहे. ज्योत हाताआड असल्यामुळे दिसतो तो तिचा उजेड: बोटांमधून झिरपणारा, चेहऱ्यावर चढणारा, साडीच्या घड्यांत उतरत जाऊन मंदावणारा. मागे भिंतीवर तिची सावली. दालनात आलेली माणसं या चित्रापाशी हमखास थबकतात आणि बाहेर पडताना त्यांच्यातले कितीतरी जण म्हणतात, "रविवर्म्याचं ते दिव्याचं चित्र पाहिलंत का?"

हे चित्र रविवर्म्याचं नाही. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमाराला काढलं. तेव्हा हळदणकर साठी उलटलेले होते आणि राजा रविवर्मा जाऊन जवळपास चाळीस वर्षं झाली होती. इंग्रजीत या चित्राला 'ग्लो ऑफ होप' म्हणतात, मराठीत 'निरांजनी'. आणि ते तैलरंगात केलेलं नाही, कागदावर जलरंगात केलेलं आहे.

या लेखाचा सगळा भार त्या शेवटच्या वाक्यावर आहे. श्रेय चुकीच्या माणसाला गेलं ही गोष्ट वाईट असली तरी कलेच्या इतिहासात ती नवी नाही. इथे मात्र नावाबरोबर माध्यमही बदललं. रविवर्मा म्हटलं की तैलरंग, असं समीकरण पाहणाऱ्याच्या डोक्यात पक्कं असतं. त्यामुळे चित्र त्याचं मानलं की ते आपोआप तैलचित्र ठरतं आणि ते तैलचित्र मानलं की हळदणकरांनी त्यात नेमकं काय साधलं आहे हेच दिसेनासं होतं. तोच उजेड तैलरंगात काढणं हे कसब आहे. जलरंगात तो काढणं ही जवळजवळ स्वतःहून ओढवून घेतलेली परीक्षा आहे.

सावंतवाडीतून जे. जे.त

हळदणकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२चा. सावंतवाडी तेव्हा भोसल्यांचं संस्थान होतं. लाखेचं रंगकाम, लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, यांसाठी हे गाव आजही ओळखलं जातं, तेव्हा रंगाचं काम तिथे अपरिचित नव्हतं. पण चित्रकार म्हणून शिक्षण घ्यायचं आणि त्यावर पोट भरायचं, तर कोकणातल्या मुलाला मुंबई गाठण्यावाचून मार्ग नव्हता. संस्थानच्या राजेसाहेबांचा आश्रय मिळाला आणि १९०३ साली हळदणकर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते.

१८५७ साली सुरू झालेल्या जे. जे.ची शिस्त त्या काळात कडक अकादमिक होती. सिसिल बर्न्स हे तिथले प्राचार्य होते. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग प्रत्यक्ष मॉडेल, त्याच्या जोडीला यथार्थदर्शन (म्हणजे पर्स्पेक्टिव्ह), छायाप्रकाश, शरीररचना. या शिक्षणावर पुढे खूप टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. आपल्या मुलांना ग्रीक पुतळ्यांवरून माणूस शिकवायचा, यात वसाहतीचा अहंकार होताच. पण त्या तालमीतून एक गोष्ट हाताला मिळायची: उजेड एका बाजूनं येत असेल तर नाकाची सावली गालावर कुठे संपेल, हे न चुकता सांगता येणं. 'निरांजनी'मधल्या प्रत्येक घडीत ती तालीम आहे.

जलरंगाला तेव्हाच्या मुंबईत प्रतिष्ठाही होती आणि मर्यादाही. इंग्रजांनी हे माध्यम आपल्याबरोबर आणलं होतं. साहेब लोक आणि त्यांच्या मडमा सुटीच्या दिवशी डोंगर, घाट, देवळं रंगवत. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत जलरंगातली निसर्गचित्रं नियमित लागत. पण मोठं, महत्त्वाकांक्षी काम म्हणजे पौराणिक प्रसंग किंवा संस्थानिकाचं पूर्णाकृती व्यक्तिचित्र, आणि ते तैलरंगातच व्हायचं. जलरंग निसर्गचित्राला, टिपणाला, पूर्वतयारीला. या वाटणीबद्दल कुणी वाद घालत नसे. हळदणकरांचं पुढचं आयुष्य पाहिलं की मला वाटतं, त्यांनी हा वाद तोंडानं न घालता कागदावर घातला.

वर्ग चालवणारा चित्रकार

१९०८ साली, पंचविशीतच, त्यांनी मुंबईत 'हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट' सुरू केली. त्यांच्यावर लिहिताना लोक या गोष्टीवरून भरभर पुढे जातात. मला ती मध्यवर्ती वाटते.

त्या काळात चित्रकाराला उत्पन्नाचे मार्ग मोजकेच होते. श्रीमंतांची व्यक्तिचित्रं, संस्थानिकांची कामं, मासिकांची मुखपृष्ठं आणि छपाई, नाटक कंपन्यांचे पडदे, नाहीतर शाळेत ड्रॉइंगमास्तरची नोकरी. खाजगी कलावर्ग काढणं म्हणजे या सगळ्याच्या मधली वाट. आश्रयदात्याच्या मर्जीवर राहायचं नाही आणि नोकरीच्या चाकोरीतही अडकायचं नाही. हळदणकरांना ही वाट मानवली आणि संस्था टिकली.

शिकवण्याचा माणसाच्या हातावर काय परिणाम होतो, हे जलरंगाच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं. जलरंगाचा शिक्षक बोलून शिकवू शकत नाही. त्याला मुलांसमोर बोर्डावर कागद ताणून बसावं लागतं आणि वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ सलग थर, टाकून दाखवावा लागतो. तैलरंगात प्रात्यक्षिक फसलं तर खरवडून पुन्हा सुरू करता येतं. जलरंगात फसलेला वॉश सगळ्या वर्गासमोर फसलेलाच राहतो. वर्षानुवर्षं असं काम करणाऱ्या माणसाच्या हातात पाण्याचा अंदाज मुरतो: ब्रशमध्ये किती पाणी आहे, कागद किती ओला आहे, दमट हवेत तो किती वेळ ओला राहील. मुंबईच्या पावसाळ्यात वॉश वाळता वाळत नाही आणि मेमध्ये कडा बघता बघता कडक होतात. या हवेत उभं आयुष्य जलरंग करणं हेच मोठं शिक्षण आहे.

१९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि हळदणकर तिच्या संस्थापकांपैकी एक होते. बॉम्बे आर्ट सोसायटीत युरोपियनांचा वरचष्मा होता. भारतीय चित्रकारांना आपलं स्वतंत्र व्यासपीठ हवं होतं. म्हणजे हा माणूस आपल्या स्टुडिओत एकटा बसणारा नव्हता. संस्था उभ्या करणं, प्रदर्शनं भरवणं, नवी मुलं घडवणं यांत तो गुंतलेला होता.

मानसन्मानही मिळाले. 'मोहमेडन पिल्ग्रिम' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. देशभरातल्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळाली, लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ब्रिटिश आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात चित्रं लागली. १९६२ साली ललित कला अकादमीची फेलोशिप मिळाली. १९६८ साली ते गेले. मुलगा गजाननही चित्रकार झाला. म्हणून 'उपेक्षित कलावंत' हा आपला आवडता साचा इथे बसत नाही. हळदणकरांना जिवंतपणी मान मिळाला. विसर पडला तो नंतर, आणि तोही त्यांचं चित्र लाखो लोक पाहत असताना.

दिवाळीतला दिवा

विषय सुचला तो घरातच. दिवाळीच्या दिवसांत मुलगी गीता हातात दिवा घेऊन, वाऱ्यानं विझू नये म्हणून तळव्याचा आडोसा करून चालताना त्यांना दिसली. मग त्यांनी तिलाच मॉडेल म्हणून उभं केलं. ही हकीकत घरातूनच पुढे आलेली आहे. गीताताई उपळेकर पुढे कोल्हापुरात राहत होत्या आणि शंभरी ओलांडून २०१८ साली तिथेच गेल्या.

चित्र जलरंगात करायचं हा निर्णय हळदणकरांचा, आणि तो जाणूनबुजून घेतलेला. ज्या माध्यमात चूक पुसता येत नाही त्यातही इतकं अवघड काम निर्दोष करता येतं, हे त्यांना दाखवायचं होतं. यात अवघड काय, ते जरा सविस्तर पाहू, कारण चित्राची थोरवी तिथेच आहे.

तैलरंगात उजेड 'घालता' येतो. गडद पार्श्वभूमी आधी रंगवायची आणि शेवटी पांढऱ्यात पिवळा मिसळून ज्योतीच्या जागी जाड थर ठेवायचा. चुकलं तर पुसायचं, उद्या पुन्हा करायचं. रेम्ब्रांचे चमकते दागिने असेच वर चढवलेल्या रंगाचे आहेत. पारदर्शक जलरंगात हा मार्गच बंद. इथे पांढरा रंग नसतो, पांढरा असतो कागद. उजेड रंगातून गाळून कागदावर पोहोचतो, कागदावरून परत फिरतो आणि पुन्हा त्याच पातळ थरातून आपल्या डोळ्यांत येतो. चांगल्या जलरंगाला आतून उजळल्यासारखी जी झळाळी असते ती यामुळे. म्हणून जलरंगात उजेड राखावा लागतो. सगळ्यात उजळ जागा चित्रकारानं पहिल्या वॉशच्या आधीच मनात नक्की केलेली असते आणि शेवटपर्यंत तिला ब्रश लावायचा नसतो.

आता 'निरांजनी'चा विचार करा. बहुतेक जलरंगचित्रांत उजेड जास्त आणि काळोख कमी असतो. आकाश, पाणी, उन्हातली भिंत: कागद मोकळा ठेवला की निम्मं काम झालं. इथे उलटं आहे. चित्राचा मोठा भाग मंद आणि गडद, उजेड थोडक्या जागेत. जलरंगात गडद आणि तरीही स्वच्छ टोन, म्हणजे रंगाची उजळ-गडद छटा, मिळवणं हे सगळ्यात कठीण. एकाच वॉशमध्ये गडद करावं तर रंग दाट होऊन मातकट दिसतो. थरावर थर द्यावेत तर प्रत्येक नव्या थराचं पाणी खालचा थर उचलतं आणि कडा विरघळतात. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका पडतो. ओला असताना जो काळोख बरोबर वाटतो तो सकाळपर्यंत करडा होतो. चित्रकाराला आत्ताच्या दिसण्यावर विश्वास न ठेवता उद्याच्या दिसण्यावर रंग द्यावा लागतो. आणि पार्श्वभूमीच्या सलग वॉशमध्ये कुठेही एक थेंब जास्त पडला, की पाणी मागे सरकून कडेला दातेरी डाग उमटतो. तो डाग काढता येत नाही.

त्यातून हा उजेड सूर्याचा नाही, दिव्याचा आहे. दिव्याचे दोन स्वभाव आहेत. पहिला, तो झपाट्यानं ओसरतो: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. तळवा ज्योतीपासून बोटभर अंतरावर, चेहरा हातभर, पाय त्याहून कितीतरी लांब. म्हणजे एकाच आकृतीत तळव्यापासून पावलांपर्यंत टोनच्या सगळ्या पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्या उतरणीत कुठेही खळगा चालत नाही. दुसरा, दिव्याच्या उजेडात निळा जवळजवळ नसतो. ज्योतीजवळ साडीचा स्वतःचा रंग केशरीत बुडतो आणि लांब गेला की हळूहळू स्वतःवर येतो. म्हणजे हळदणकरांना साडीचा रंग असा एक ठेवताच आला नसता. प्रत्येक घडीत तो वेगळा मिसळावा लागला असणार.

आणि बोटं. हाताआड दिवा धरला की बोटांच्या कडा लाल दिसतात, हे आपण सगळ्यांनी लहानपणी टॉर्च तळव्याखाली धरून पाहिलेलं आहे. रक्त आणि मांस उजेडातला हिरवा-निळा भाग शोषून घेतात आणि लाल भाग पलीकडे जातो. त्यामुळे बोटांचं मांसल मधलं अंग गडद राहतं आणि कडा पेटतात. नेहमीच्या छायाप्रकाशाच्या हे बरोबर उलट आहे. एरवी गोल वस्तूची कड सावलीत जाते, इथे कड उजळ आणि मध्य अंधारा. जे. जे.च्या पुतळ्यांवरून हे शिकता येत नाही, कारण प्लास्टरमधून उजेड पार होत नाही. हे बघूनच शिकावं लागतं. 'निरांजनी'च्या त्या हातात चित्रकारानं शाळेतलं शिक्षण आणि स्वतःचं पाहणं एकत्र आणलं आहे. संपूर्ण चित्रात मला सगळ्यात मोठा वाटतो तो हा भाग. चेहऱ्याचं कौतुक सगळे करतात, हातासमोर थांबणारे थोडे.

चित्र म्हैसूरला गेलं, नाव वाटेत राहिलं

जगनमोहन राजवाडा १८६१चा. तिथलं कलादालन १९१५ साली सुरू झालं आणि पुढे त्याला महाराज जयचामराजेंद्र वाडियारांचं नाव मिळालं. 'निरांजनी' या राजसंग्रहात दाखल झाली. एका अर्थानं ही चित्राची भाग्यरेषा होती. खाजगी घरात गेलं असतं तर कोकण-मुंबईच्या दमट हवेत कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडले असते, उन्हात लाल रंग उडाले असते. अशी कित्येक जलरंगचित्रं आपल्याकडे नष्ट झालेली आहेत.

पण ज्या दालनात ते गेलं, तिथलं सगळ्यात मोठं नाव राजा रविवर्मा. म्हैसूरच्या वाडियारांनी रविवर्म्याकडून आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मोठं काम करून घेतलं होतं आणि ती चित्रं इथेच आहेत. पर्यटक येतो तो रविवर्मा बघायला. शेजारच्या खोलीत साडीतली देखणी स्त्री दिसली की त्याच्या डोक्यात कोणतं नाव येणार, हे सांगायला नको. त्यात रविवर्म्यानं मराठी धाटणीच्या स्त्रिया पुष्कळ रंगवल्या. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या शिळाप्रेसनं, म्हणजे दगडावरून चित्रं छापणाऱ्या छापखान्यानं, ती घराघरात नेली. तो प्रेस पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला होता. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती त्याच छापाची. या छापांनी 'सुंदर भारतीय स्त्रीचं जुनं चित्र' या कल्पनेवर एकाच माणसाचं नाव कोरून ठेवलं. चूक कुणी मुद्दाम केली असं नाही. ती जणू सवयीनंच झाली, आणि म्हणूनच ती खोडायला जड जाते.

दुसरं कारण मांडणीचं. चित्र अंधाऱ्या कक्षात ठेवलेलं आहे, जेणेकरून दिवा खरोखर पेटल्यासारखा भासावा. परिणाम जबरदस्त होतो, हे मान्य. कागदावरच्या कामाला मंद उजेड लागतो, हेही खरंच. जगभरची संग्रहालयं जलरंगावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, कारण उजेडानं होणारं नुकसान साठत जातं आणि उलटवता येत नाही. तेव्हा अंधाराबद्दल तक्रार नाही. पण अशा मांडणीत प्रेक्षक चित्राकडे चमत्कार म्हणून बघतो. 'दिवा खरा वाटतो ना?' एवढ्यावर पाहणं संपतं. चमत्काराला कर्ता विचारायची आपल्याला सवय नाही. कागदाचा पोत दिसत नाही, वॉशची कड दिसत नाही, माध्यम कळण्याचा एकही धागा त्या काळोखात हाती लागत नाही.

तिसरं कारण मुंबईतच घडत होतं. ज्या १९४५ साली हळदणकर या दिव्याच्या मागे होते, त्याच साली जे. जे.तून फ्रान्सिस न्यूटन सूझा या गोव्याच्या विद्यार्थ्याला काढून टाकण्यात आलं. दोन वर्षांनी, १९४७ साली, त्यानं रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट उभा केला. पुढची पन्नास वर्षं भारतीय चित्रकलेचा इतिहास बहुतांशी त्यांच्या बाजूनं लिहिला गेला. त्यांनी जे केलं ते मोठं आहे, त्याबद्दल मनात किंतु नाही. पण त्या इतिहासात जे. जे.ची अकादमिक पिढी एका वाक्यात निकालात निघाली: इंग्रजी वळणाची, गुळगुळीत, कालबाह्य. त्या वाक्यात धुरंधर गेले, त्रिंदाद गेले, परांडेकर गेले, हळदणकर गेले. विशेष म्हणजे सय्यद हैदर रझांची सुरुवात मुंबईच्या रस्त्यांच्या जलरंगचित्रांनी झाली आणि आरा यांचीही पुष्कळ कामं कागदावर पाण्याच्या रंगांत आहेत. म्हणजे माध्यम नव्यांनीही वापरलं. पण चित्रकाराची मोठी कामं म्हणून मोजली गेली ती कॅनव्हासवरची. बाजारातही तेच: कागद स्वस्त, कॅनव्हास महाग. हळदणकरांनी ज्या समजुतीशी झुंज घेतली, ती समजूत त्यांच्यानंतर नव्या कपड्यांत परत आली.

आबालाल यांच्याशी तुलना

हे प्रकरण नीट समजायला कोल्हापूरचे आबालाल रहमान आठवावे लागतात. तेही जे. जे.चे, तेही जलरंगाचे उस्ताद. शिकून ते कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांच्या आश्रयानं पंचगंगा, रंकाळा, कोटीतीर्थाचा परिसर रंगवत राहिले. १९२२ साली महाराज गेले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली चित्रं कोटीतीर्थाच्या तळ्यात बुडवली असं सांगितलं जातं. १९३१ साली ते गेले. चित्रं थोडी उरली, पण कोल्हापुरात त्यांचं नाव आजही घेतलं जातं. तिथले चित्रकार स्वतःला त्यांच्या परंपरेतले मानतात, नव्या मुलांना त्यांच्या गोष्टी सांगतात.

हळदणकरांचं झालं ते याच्या नेमकं उलट. आबालाल यांची चित्रं गेली आणि नाव उरलं. हळदणकरांचं चित्र उरलं, नव्हे जगभर पसरलं, आणि नाव गेलं. या फरकाचं कारण मला गावात दिसतं. आबालाल कोल्हापूर सोडून गेले नाहीत. तळं तिथेच आहे, घाट तिथेच आहे, गोष्ट सांगणारी माणसं तिथेच आहेत. हळदणकर सावंतवाडीचे, काम मुंबईत, सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हैसूरला. सावंतवाडीनं त्यांना मुंबईकर समजावं, मुंबईनं जुन्या पिढीतले मास्तर समजावं आणि म्हैसूरनं त्यांना रविवर्म्यात जमा करावं. प्रादेशिक चित्रकाराला प्रदेश लागतो तो विषयासाठीच असं नाही. आपलं म्हणणाऱ्या माणसांसाठीही तो लागतो.

दुरुस्तीचं काय

गीताताई गेल्या तेव्हा त्या चित्रातली स्त्री म्हणून वृत्तपत्रांतून त्यांच्यावर बातम्या आल्या आणि त्या निमित्तानं बऱ्याच वाचकांना प्रथमच कळलं की चित्र हळदणकरांचं. चित्रकाराचं नाव मॉडेलच्या मृत्यूच्या बातमीतून परत आलं. ते आलं याचा आनंद आहेच. पण त्या बातम्यांच्या पुढे गोष्ट फारशी सरकली नाही. आजही इंटरनेटवर या चित्राच्या प्रती रविवर्म्याच्या नावानं आणि 'ऑइल पेंटिंग' अशा वर्णनासह विकल्या जातात. नाव दुरुस्त झालं तिथेही माध्यमाचा उल्लेख बहुधा नसतो.

माझं म्हणणं आहे की दुरुस्ती माध्यमापासून सुरू करावी. 'हे रविवर्म्याचं नाही' असं सांगितलं की ऐकणारा 'बरं' म्हणतो आणि विसरतो, कारण त्याच्या पाहण्यात काही फरक पडत नाही. 'हे पाण्याच्या रंगात, कागदावर केलेलं आहे आणि त्या हातातला उजेड म्हणजे न रंगवलेला, राखून ठेवलेला कागद आहे' असं सांगितलं की तो पुन्हा चित्राकडे वळतो. मग त्याला आपोआप प्रश्न पडतो की हे करणारा कोण. नाव त्या प्रश्नाला चिकटतं आणि तिथे ते टिकतं. कक्षाच्या बाहेर, उजेडात, चित्राच्या हाताच्या भागाचं मोठं छायाचित्र लावून त्याशेजारी हे चार ओळींत लिहिलं, तर अंधारातल्या परिणामाला धक्का न लावता हे काम होईल. खर्चही नाममात्र.

महाराष्ट्रात हे काम कलाशिक्षकांचं आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना आजही दरवर्षी शाळाशाळांतून मुलं बसतात आणि त्यांच्या हातात बहुतेक वेळा जलरंगच असतो. या मुलांना हळदणकर एका धड्यातलं नाव म्हणून नकोत. वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्यात, एका मुलानं पणती धरावी, दुसऱ्या हातानं आडोसा करावा आणि बाकीच्यांनी फक्त तो हात रंगवावा. पांढरा रंग वापरायचा नाही, एवढी एकच अट. पहिल्या प्रयत्नात जवळपास सगळ्यांचे हात काळवंडतील, कारण कागद राखायचा असतो हे लक्षात येईपर्यंत तो भरून गेलेला असेल. त्यानंतर 'निरांजनी'ची छापील प्रत समोर ठेवावी आणि बोटांच्या कडा मुलांनाच शोधू द्याव्यात.